नम्र माणसांचा अहंकार

आपल्याकडे मोठ्या शास्त्रज्ञाविषयी लिहिताना एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे त्याचा साधेपणा. ते सायकलवरून प्रयोगशाळेत जात, शिपायाशीही अदबीने बोलत, खेड्यातल्या शाळेचे निमंत्रणसुद्धा नाकारत नसत. गौरवग्रंथ असो, मृत्युलेख असो की शाळेच्या स्नेहसंमेलनातले भाषण असो, संशोधनाला एक परिच्छेद आणि साधेपणाला तीन, असे प्रमाण साधारण पडते. यात खोटे काही नसते. संशोधन समजावून सांगणे अवघड आणि साधेपणा सांगणे सोपे, हेही त्याचे एक कारण आहे. पण या सांगण्याच्या तळाशी एक न उच्चारलेले गृहीतक असते. जो वागण्यात नम्र तो विचारातही नम्र, आणि ज्याची जीभ तिखट तो अहंकारी, असे आपण धरून चालतो. विज्ञानाचा इतिहास वाचताना हे गृहीतक मला इतक्या वेळा मोडलेले दिसले की त्याची एकदा नीट झडती घ्यावी असे वाटू लागले.

त्यासाठी मी निवडलेले प्रकरण नवे नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि सर आर्थर एडिंग्टन यांच्यातला १९३५ चा वाद अनेकांनी ऐकलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा गोऱ्या साहेबाने हिंदी तरुणावर केलेला अन्याय म्हणून सांगितला जातो. अन्याय झाला हे खरेच. पण तो करणारा माणूस कसा होता हे पाहिले, की गोष्ट वेगळी होते आणि जास्त अस्वस्थ करू लागते.

एडिंग्टन यांचा जन्म १८८२ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडल्या केंडल गावातला. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ साधी राहणी, शांतता आणि सदसद्विवेक यांना धर्माचा गाभा मानणारा. एडिंग्टन अविवाहित राहिले आणि केंब्रिजच्या वेधशाळेत बहिणीबरोबर शांतपणे जगले. स्वभाव लाजाळू, बोलणे मोजके. पहिल्या महायुद्धात सक्तीची लष्करभरती आली तेव्हा एक महत्त्वाचा शास्त्रज्ञ म्हणून त्यांना सूट मिळवून देण्याची खटपट वरिष्ठांनी केली होती. एडिंग्टन यांनी मुकाट सही केली असती तर प्रश्न मिटला असता. पण या कारणाने सूट मिळाली नाही तरी सदसद्विवेकाच्या कारणाने आपण ती मागणारच आहोत, अशी ओळ त्यांनी कागदावर वाढवली. त्यामुळे वरिष्ठांची पंचाईत झाली आणि त्यांच्यावर तुरुंगात जाण्याची पाळी आली असती. शेवटी १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मोहिमेचे काम करावे, या अटीवर त्यांना सूट मिळाली. आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या प्रिन्सिप बेटावर जाऊन त्यांनी ग्रहणाची छायाचित्रे घेतली. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन म्हणतात तसा वळतो, हे त्या मोहिमेतून जगाला कळले. शत्रुराष्ट्रातल्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत युद्ध संपताच इंग्रजांनी तपासायला घ्यावा, यामागे क्वेकर एडिंग्टन यांची शांततावृत्तीही होती.

असा हा माणूस. आपल्याकडे असता तर त्याच्या साधेपणावर एक आख्खा विशेषांक निघाला असता.

आता दुसरी बाजू. ३१ जुलै १९३० ला मुंबई बंदरातून इटलीकडे जाणाऱ्या बोटीत एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर चढले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन ते केंब्रिजला राल्फ फाउलर यांच्याकडे शिकायला निघाले होते. सोबत फाउलर यांचा १९२६ चा एक शोधनिबंध होता आणि तो श्वेतबटू ताऱ्यांविषयी होता.

श्वेतबटू म्हणजे इंधन संपलेला तारा. व्याधाचा जोडीदार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे वस्तुमान साधारण सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीएवढा. त्यातले चमचाभर द्रव्य काही टन भरेल. आत उष्णता निर्माण होत नसताना हा तारा स्वतःच्या गुरुत्वाखाली आणखी का दबत नाही, हे कोडे होते. फाउलर यांनी ते पुंजयामिकीने सोडवले. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउली यांचा नियम. द्रव्य फार दाबले गेले की खालच्या अवस्था भरून जातात आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक वेग घ्यावा लागतो. रेल्वेच्या डब्यात खालचे बाक भरले की माणसे वरच्या फळीवर चढतात, त्यातलाच प्रकार. या नाइलाजाच्या धावपळीतून जो दाब तयार होतो तो तापमानावर अवलंबून नसतो, म्हणून थंड होणारा ताराही तग धरतो. एडिंग्टन यांना हे उत्तर आवडले. प्रत्येक ताऱ्याला म्हातारपणी शांत विसावा मिळतो, असे त्याचे तात्पर्य होते.

बोटीवर हिशेब करताना चंद्रशेखरांच्या लक्षात आले की जड ताऱ्याच्या गाभ्यात इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. तिथे फाउलर यांचे सूत्र पुरत नाही आणि सापेक्षता सिद्धांत आणावा लागतो. तो आणला की वेगळेच निघते. प्रकाशापेक्षा जास्त वेग शक्य नसल्याने वस्तुमान वाढेल तसा दाब पुरेसा वाढत नाही. एका मर्यादेपलीकडच्या ताऱ्याला श्वेतबटू होऊन विसावताच येत नाही. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते. या दिशेने एस्टोनियात अँडरसन आणि लीड्समध्ये स्टोनर यांनीही थोडे आधी विचार केला होता, हे नोंदवायला हवे. पण संपूर्ण तारा धरून गणित पुरे केले ते चंद्रशेखरांनी. १९३३ ला त्यांना पीएच.डी. आणि ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप मिळाली. १९३४ चे शेवटचे महिने ते गणनयंत्र फिरवत एकेका ताऱ्याचे आकडे काढत होते. या काळात एडिंग्टन वारंवार त्यांच्या खोलीवर येत आणि काम कुठवर आले ते आस्थेने विचारत. आपण स्वतः त्याच विषयावर काय लिहितो आहोत, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

११ जानेवारी १९३५. लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक होती. कार्यक्रमपत्रिका हाती आली तेव्हा चंद्रशेखरांना कळले, की आपल्यानंतर लगेच एडिंग्टन त्याच विषयावर बोलणार आहेत. आदल्या संध्याकाळी भोजनाच्या वेळी एडिंग्टन यांनी त्यांना एवढेच सांगितले होते, की तुम्हाला नेहमीच्या पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास मिळावा अशी व्यवस्था मी केली आहे. ही मदतही खरी होती. कपट म्हणावे तर एडिंग्टन यांच्या उभ्या आयुष्यात ते बसत नाही.

चंद्रशेखरांनी आपले काम मांडले. मग एडिंग्टन उठले आणि त्यांनी सभेला हसवायला सुरुवात केली. सापेक्षता आणि पुंजयामिकी यांचे चंद्रशेखरांनी लावलेले लग्नच त्यांना मान्य नव्हते. त्यातून जन्मलेले सूत्र औरस नाही, असा त्यांचा सूर होता. चंद्रशेखर म्हणतात ते खरे मानले तर जड तारा आकसतच जाईल, काही किलोमीटरचा होईल, आणि मग त्याचे गुरुत्व इतके वाढेल की प्रकाशसुद्धा बाहेर पडणार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि ताऱ्याने इतके विचित्र वागू नये म्हणून निसर्गात एखादा नियम असलाच पाहिजे, असा निष्कर्ष काढला. सभा हसली. अध्यक्षांनी चंद्रशेखरांना उत्तर देऊ दिले नाही आणि पुढचा वक्ता बोलावला.

आजच्या वाचकाला यातली विलक्षण गोष्ट लगेच दिसेल. एडिंग्टन यांनी त्या संध्याकाळी कृष्णविवराचे अचूक वर्णन केले होते. चंद्रशेखरांच्या गणितातून काय निघते हे सभेतल्या इतरांपेक्षा त्यांनाच स्पष्ट दिसले होते. ते दिसले, आणि केवळ ते हास्यास्पद वाटले म्हणून त्यांनी गणित फेटाळले. ही बुद्धीची उणीव म्हणता येत नाही.

मग कशाची? माझे उत्तर असे आहे, की आपल्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवण्याची शिकवण एडिंग्टन यांना निसर्गानेच, वर्षानुवर्षे, बक्षिसे देऊन दिली होती.

१९१९ चीच गोष्ट घ्या. आपल्यावर सोपवले असते तर ती मोहीम काढलीच नसती, असे एडिंग्टन यांनी पुढे चंद्रशेखरांना सांगितले होते. कारण सापेक्षता सिद्धांत बरोबर आहे याची त्यांना आधीच खात्री होती. मोहीम झाली, आणि ते बरोबर ठरले. १९२० साली तारे कशावर जळतात हे कोणालाच माहीत नव्हते. हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानात जी किंचित घट येते तीच ताऱ्यांची ऊर्जा असावी, असे त्यांनी त्या वर्षी कार्डिफच्या भाषणात सुचवले. ताऱ्याचा गाभा त्यासाठी पुरेसा तप्त नाही, असा भौतिकशास्त्रज्ञांचा रास्त आक्षेप होता. एडिंग्टन यांच्याकडे त्याला उत्तर नव्हते. मग याहून तप्त जागा शोधून या, असे त्यांनी आक्षेपकांना सुनावले. पुढे पुंजयामिकीने आक्षेप दूर केला आणि १९३० च्या दशकाअखेर बेथे यांनी पूर्ण प्रक्रिया मांडली. पुन्हा तेच बरोबर. ज्या आक्षेपाला तुमच्याकडे उत्तर नाही तो आक्षेप दुर्लक्षिलात, आणि तरी निसर्गाने तुमचीच बाजू घेतली. असे एकदोनदा झाले की कोणताही माणूस काय शिकेल? पाठ चुकीचा होता, पण शिकवणारा निसर्ग होता.

१९३५ पर्यंत हा पाठ पार मुरला होता. एडिंग्टन तेव्हा सापेक्षता आणि पुंजयामिकी यांना एकत्र बांधणाऱ्या स्वतःच्या मूलभूत सिद्धांतात बुडालेले होते. निसर्गातले स्थिरांक मोजावे लागू नयेत, नुसत्या तर्काने निघावेत, अशी त्यांची जिद्द होती. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या नात्यातून येणारा एक महत्त्वाचा आकडा त्यांनी तर्काने १३६ काढला. मोजमाप १३७ च्या जवळ येऊ लागले, तेव्हा तर्कात एक वाढवण्याचे कारणही त्यांना सापडले. इंग्रजी टवाळखोरांनी त्यांच्या आडनावावर कोटी करून 'सर आर्थर ॲडिंग-वन' असे नाव पाडले. ॲडिंग-वन म्हणजे एक मिळवणारे. आजच्या मोजमापाप्रमाणे तो आकडा १३७.०३६ च्या आसपास आहे आणि पूर्णांक नाहीच. चंद्रशेखरांचे गणित या मोठ्या स्वप्नाच्या पायात येत होते. म्हणूनही असेल, एडिंग्टन यांना ते तपासून पाहण्याची गरज वाटली नाही.

वंशाचा मुद्दा इथे काढला जातो. वसाहतीच्या त्या काळात तो हवेत नव्हता असे कोण म्हणेल? पण जीन्स आणि मिल्न या आपल्या गोऱ्या समकालीनांशी एडिंग्टन सोसायटीच्या याच सभागृहात वर्षानुवर्षे असेच, किंबहुना जास्त धारदार, भांडत आले होते. फरक एवढाच की त्या दोघांकडे उलट बोलण्याइतके वजन होते.

एडिंग्टन यांच्यापेक्षा मला जास्त खटकतात ते बाकीचे. बैठकीनंतर चंद्रशेखरांनी कोपनहेगनला आपला मित्र रोझेनफेल्ड याला पत्रे लिहिली. रोझेनफेल्डने नील्स बोर यांच्याशी चर्चा करून कळवले, की एडिंग्टन यांच्या म्हणण्यात काही अर्थ नाही. पाउली यांचेही तेच मत पडले. ज्याच्या नियमावर हे सगळे उभे होते त्या माणसानेच निर्वाळा दिला होता, पण खासगी पत्रात. हेच चार ओळींत छापून जाहीर करा, ही चंद्रशेखरांची विनंती कोणी मानली नाही. बोर यांना सवड नव्हती, पाउली यांना त्यात उतरायचे नव्हते. त्याच वर्षी पॅरिसला आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अधिवेशनात एडिंग्टन पुन्हा या विषयावर बोलले. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे हेन्री नॉरिस रसेल होते. एडिंग्टन यांचे म्हणणे आपल्यालाही पटत नाही, असे त्यांनी चंद्रशेखरांना खासगीत सांगितले आणि उत्तराची परवानगी मात्र दिली नाही. छापील खंडन आले ते १९४२ ला, डिरॅक, पायर्ल्स आणि प्राइस यांच्या निबंधात. मधे सात वर्षे गेली.

या सात वर्षांच्या गप्प बसण्याला काय म्हणायचे? त्यात थोडी उपेक्षा होती. भौतिकशास्त्रज्ञांना खगोलशास्त्रज्ञांची भांडणे आपल्या लायकीची वाटत नव्हती. पण मोठा भाग होता आदराचा. एवढा मोठा माणूस, सज्जन, सर्वांचा लाडका. त्याला चारचौघांत चुकीचे कसे म्हणायचे? हा आदर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. चर्चासत्रात सरांच्या फळ्यावरच्या समीकरणात चिन्ह चुकलेले पाच जणांना दिसते आणि पाचही जण चहाच्या वेळी एकमेकांना सांगतात. आपण याला संस्कार म्हणतो. माणसापुढची नम्रता आणि निसर्गापुढची नम्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींच्या आड येतात तेव्हा आपण बहुतेक वेळा पहिलीची निवड करतो.

आता वागण्यातली नम्रता ज्याच्याकडे नावालाही नव्हती असा माणूस पाहू. तो म्हणजे वर उल्लेख आलेले वोल्फगांग पाउली. व्हिएन्नात १९०० साली जन्मलेले. एकविसाव्या वर्षी त्यांनी सापेक्षतेवर लिहिलेला विस्तृत लेख वाचून आइन्स्टाइन थक्क झाले होते. त्यांच्या तिखटपणाच्या गोष्टी भौतिकशास्त्राच्या लोककथाच झाल्या आहेत. एखादे काम चूक म्हणण्याच्याही लायकीचे नाही, ही त्यांची शेलकी शिवी. 'देवाचा आसूड' असे त्यांना नाव पडले होते आणि ते पत्राखाली तशी सहीही करत.

या आसुडाने इजा केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९२५ च्या जानेवारीत वीस वर्षांचा राल्फ क्रोनिग त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आला. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असे मानले तर वर्णपटातली कोडी सुटतात, असे त्याचे म्हणणे. कल्पना चतुर आहे पण निसर्ग तसा नाही, असे पाउली यांनी झटकून टाकले. क्रोनिगने ती छापली नाही. त्याच वर्षी हॉलंडमध्ये उहलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांना तेच सुचले. त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी निबंध नियतकालिकाकडे पाठवून दिला. पुढे लोरेंट्झ यांचे आक्षेप ऐकून घाबरलेले शिष्य तो परत मागू लागले, तेव्हा एरेनफेस्ट म्हणाले की तो केव्हाच गेला, आणि तुम्ही दोघे एखादा मूर्खपणा परवडण्याइतके तरुण आहात. श्रेय हॉलंडला गेले. एरेनफेस्ट स्वतःच्या कुवतीविषयी आयुष्यभर साशंक राहिलेले गृहस्थ होते. त्या शंकेचा हा एक फायदा.

पण पुढे पाहा. नव्या कल्पनेविरुद्ध पाउली यांचा मुख्य आक्षेप असा होता, की हिशेबात दुपटीचा फरक येतो. १९२६ च्या सुरुवातीला टॉमस या तरुणाने हा फरक सापेक्षतेमुळे कसा नाहीसा होतो ते दाखवले. पाउली थोडे झगडले, आणि मार्च महिन्यात त्यांनी बोर यांना पत्र लिहून पूर्ण शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी त्याच फिरकीचे गणित त्यांनी स्वतः मांडले, आणि आज ते प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या नावाने शिकतो. आक्षेप नेमका होता, म्हणून तो दूर होऊ शकला. निसर्ग असा वागूच शकत नाही, या आक्षेपाला टॉमस काय उत्तर देणार होता?

दुसरा प्रसंग १९५७ चा. ली आणि यांग या दोन चिनी भौतिकशास्त्रज्ञांनी आदल्या वर्षी शंका काढली होती, की काही किरणोत्सर्गी क्रियांमध्ये निसर्ग डावे-उजवे असा भेद करत असावा. पाउली यांना हे अशक्य वाटले. १७ जानेवारीला त्यांनी आपले जुने सहकारी वाइसकॉफ यांना कळवले, की देव असा डावखुरा असेल यावर माझा विश्वास नाही आणि मी मोठी पैज लावायला तयार आहे. श्रीमती वू यांच्या प्रयोगाचा निकाल त्यांच्यापर्यंत पोचला आणि दहा दिवसांतच दुसरे पत्र गेले. पैज लागली नाही हे बरे झाले, नाहीतर फार पैसे गेले असते. हसे झाले ते पत्रात झाले, छापील नव्हे, अशा आशयाचे. छप्पन्न वर्षांचा नोबेलविजेता, आयुष्यभराची धारणा, आणि दहा दिवस.

आणखी एक. न्यूट्रिनो या अदृश्य कणाची कल्पना याच पाउली यांची. १९३० च्या डिसेंबरात ट्यूबिंगेनच्या परिषदेला पाठवलेल्या एका पत्रात त्यांनी ती मांडली, तीही नाइलाजाचा तोडगा म्हणून. छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. परिषदेला ते स्वतः गेले नाहीत, कारण झुरिचमध्ये नाचाचा कार्यक्रम होता. दुसऱ्यांच्या कल्पनांना फाडून खाणारा हा माणूस स्वतःच्या कल्पनेलाही त्याच दाराने आत घेत होता.

पाउली यांचा उद्धटपणा मला क्षम्य वाटत नाही. क्रोनिगला तो फार महाग पडला. पण अहंकार मोजायची पट्टी कुठे लावायची, हे या दोघांना शेजारी ठेवले की कळते. वैज्ञानिकाबद्दल विचारायचा प्रश्न एकच असतो: काय दिसले तर तुम्ही मत बदलाल? पाउली यांच्याकडे बहुधा याचे उत्तर असे. १९३५ च्या एडिंग्टन यांच्याकडे नव्हते.

चंद्रशेखरांनी या गोष्टीवर आयुष्यभर विचार केला असावा. उतारवयात ते तिला निसर्गाविषयीची मग्रुरी असे काहीसे म्हणत. त्यांचे निरीक्षण असे, की मोठा शोध लावलेल्या माणसाला पुढे वाटू लागते, आपल्याकडे विज्ञानाकडे पाहण्याची एक खास नजर आहे आणि ती बरोबरच असली पाहिजे. निसर्ग मात्र ही सवलत कोणालाच देत नाही. याउलट उदाहरण म्हणून ते लॉर्ड रॅले यांचे नाव घेत. साठी उलटलेला वैज्ञानिक भल्यापेक्षा बुरेच जास्त करतो, असे हक्सले म्हणत असत. सदुसष्ट वर्षांच्या रॅले यांना त्यांच्या मुलाने याविषयी छेडले. तरुणांच्या कामावर टीका करत बसला तर तसे होईल, पण स्वतःला येते ते करत राहिला तर तसे का व्हावे, असे रॅले यांचे उत्तर होते.

चंद्रशेखरांनी यावर स्वतःपुरता काढलेला उपाय मला महत्त्वाचा वाटतो. १९३७ साली ते शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले, १९३९ ला ताऱ्यांच्या रचनेवरचा ग्रंथ छापला, आणि तो विषय सोडला. वादाला कंटाळून सोडला हे खरे. पण नंतर ती त्यांची पद्धतच झाली. ताऱ्यांची गतिकी, प्रारणाचे वहन, प्रवाहांचे स्थैर्य, फिरणारे लंबगोल, आणि सत्तरी ओलांडताना कृष्णविवरे. दर काही वर्षांनी एका क्षेत्रातला अधिकारी ग्रंथ लिहायचा आणि जिथे आपला शब्द कोणी प्रमाण मानत नाही अशा जागी जाऊन बसायचे. स्वभावाने ते सौम्य नव्हते. कडक, औपचारिक, स्वतःच्या मोठेपणाची पक्की जाणीव असलेले होते. त्यांनी नम्रता स्वभावावर सोपवली नाही, दिनक्रमात बसवली.

वादामुळे कृष्णविवरांचे संशोधन चाळीस वर्षे मागे पडले, असे म्हटले जाते. मला ते अतिशयोक्त वाटते. ओपनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ मध्येच ताऱ्याच्या कोसळण्याचे गणित मांडले होते. पुढे युद्ध आले. शिवाय रेडिओ आणि क्ष-किरण दुर्बिणी नसताना त्या गणिताचे करायचे काय, हाही प्रश्न होताच. स्पंदक तारे सापडले १९६७ साली. चंद्रशेखरांना नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये. किंमत मोजली ती एका चोवीस वर्षांच्या माणसाने, आणि ती वर्षांत मोजण्यासारखी नव्हती.

आपल्या जवळचे एक उदाहरण इथे आठवते. केंब्रिजमध्ये १९६० च्या सुमारास कोल्हापूरचे जयंत नारळीकर फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले. विश्वाला आरंभ नाही, या हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांताविरुद्ध मार्टिन राइल यांनी १९६१ साली रेडिओ स्रोतांच्या गणनेचा पुरावा आणला. त्याला सोसायटीच्या बैठकीत उत्तर देण्याचे काम हॉइल यांनी या नवख्या विद्यार्थ्यावर टाकले. चंद्रशेखरांच्या वेळची ती बैठक आणि ही बैठक यांत सव्वीस वर्षांचे अंतर होते, आणि या वेळी ज्येष्ठ तरुणाच्या पाठीशी होता. हॉइल मात्र स्वतः याच रोगाचे रुग्ण होते असे माझे मत आहे. नारळीकरही अखेरपर्यंत महास्फोटाविषयी साशंक राहिले. १९६५ नंतरचा पुरावा पाहता मला त्यांची बाजू पटत नाही. तरीही त्यांना मी एडिंग्टन यांच्या रांगेत बसवणार नाही. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी राहिली आणि २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते. त्या काळात थानू पद्मनाभन आणि वरुण साहनी यांच्यासारखे विश्वरचनेचे अभ्यासक तिथे आले, स्थिरावले, आणि त्यांचे काम संचालकांना न पटणाऱ्या चौकटीतलेच होते. स्वतःला चूक ठरवू शकतील अशी माणसे स्वतःच्या संस्थेत ठेवणे ही साधेपणाहून अवघड गोष्ट आहे, आणि गौरवग्रंथांत तिचा उल्लेख क्वचित येतो. त्याच आयुकातल्या सभागृहाला चंद्रशेखरांचे नाव आहे.

एडिंग्टन आणि चंद्रशेखर यांच्यातले सौजन्य कधी तुटले नाही. अमेरिकेत एडिंग्टन यांची पत्रे येत, त्यांत सायकलीचा हिशेब असे. न इतक्या दिवशी प्रत्येकी किमान न मैल सायकल चालवली, असा सर्वांत मोठा न कोणता, हा त्यांचा स्वतःपुरता खेळ. १९४३ च्या पत्रात तो आकडा ७७ होता. हा आकडा तर्काने वाढत नाही, त्यासाठी सायकलच चालवावी लागते. १९४४ च्या नोव्हेंबरात एडिंग्टन गेले. शिकागोत त्यांच्यावर बोलताना चंद्रशेखरांनी त्यांना आपल्या काळातल्या अगदी थोर खगोलशास्त्रज्ञांत बसवले आणि त्यांनी कधी कोणाविषयी वाईट चिंतले असेल असे वाटत नाही, असे सांगितले. ते मनापासून होते यात मला शंका नाही.

त्याआधी, १९३९ च्या उन्हाळ्यात, पॅरिसला श्वेतबटूंवर एक परिषद झाली होती. सकाळी दोघांचा पुन्हा खटका उडाला. दुपारी जेवणाच्या वेळी एडिंग्टन चंद्रशेखरांजवळ आले आणि म्हणाले, की सकाळी तुम्हाला दुखावले असेल तर मला वाईट वाटते. तुमचे मत बदलले आहे का, असे चंद्रशेखरांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. मग वाईट कशाचे वाटते, एवढे म्हणून चंद्रशेखर तिथून निघून गेले.